घरात खोकतं कोण?

माझ्या सासूबद्दल चार बरे शब्द बोल म्हणून गावातल्या बाया अजून मला सांगायला येतात. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी म्हणते, जिवंत होती तेव्हा तोंडावर बोलले, आता मेल्यावर शब्द कशाला फिरवू? त्या बाईनं मीठ बंद करून मला मारायला काढलं होतं आणि माझी लेक माझ्यापासून तोडली होती. हे मी विसरले नाही, विसरणारही नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी ही माझी खोड समजा.

परंडा तालुक्यात, सोनारीपासून चालत जाण्याजोगं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी लग्न होऊन तिथं आले. मालक दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. सोसायटीची खोली म्हणजे आमच्याच घराची पुढची पडवी. सकाळी गाव किटल्या घेऊन दारात उभं राहायचं आणि मालक प्रत्येकाच्या दुधात काचेची डिग्री सोडून पाणी किती ते सांगायचे. त्या कांडीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. बायको काय सांगते त्यावर मात्र काडीचा नव्हता.

माझी लेक पाच वर्षांची झाली आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली. रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं, तिथं मी मातीच्या पाट्या वाहायला जायची. त्याच उन्हाळ्यात माझी तब्येत बिघडत गेली. बसलेली उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. अन्नावर वासना राहिली नाही, खाल्लेलं उलटून पडायचं. चोळ्या अंगात लोंबायला लागल्या. आणि मी काळी पडायला लागले.

आता दुष्काळात कामावर कोण गोरं राहतंय? सगळ्याच बाया करपल्या होत्या. पण उन्हाचा काळेपणा पदराखाली जात नाही. माझ्या हिरड्या काळ्या झाल्या. तळहाताच्या रेघा कुणी शाईनं ओढल्यासारख्या दिसायला लागल्या. लहानपणी विळा लागून गुडघ्याला व्रण होता, तो मेला कधीचा पांढरा, तोसुद्धा काळा झाला. आणि एकच गोष्ट खावीशी वाटायची, ती म्हणजे मीठ. म्हशीच्या आंबोणात घालायला खडे मीठ आणलेलं असायचं, त्यातले खडे मी पदराला बांधून न्यायची आणि पाटी वाहताना चोखायची. तेवढंच जरा पायांत बळ यायचं.

सासूनं ते बघितलं. "म्हशीचं मीठ खाती," ती शेजारणीला ऐकवायची, "मग म्हशीगत कामबी कर म्हणावं की! कामाला न्हेलं की हिला घेरी येती." नाचता येईना अंगण वाकडं, असं माझं चाललंय, हा तिचा निकाल. मला उत्तर द्यायचं बळ नव्हतं. असतं तर तिथंच दिलं असतं.

मग तिच्या डोक्यात खूळ शिरलं. सून काळी पडतीय म्हणजे काळभैरवाची सावली पडली, लग्नात देवाचा काहीतरी मान राहिलाय. आमच्याकडं अळणीचा उपास धरायची रीत आहे. रविवारी भैरवनाथाच्या नावानं बिनमिठाचं खायचं, एखाद्या वारी, आपल्या खुशीनं. हिनं काय केलं, तर सोनारीला जाऊन भैरवनाथापुढं नारळ फोडला आणि नवस बोलली, "देवा, हिचं अंग उजळंपर्यंत माझी सून अळणी खाईल." म्हणजे रोजच. दुसऱ्याच्या पोटावर नवस बोलायला कुणाच्या बापाचं काय जातंय? स्वतः दोन्ही वेळेला ठेचा-भाकरी हाणत होती. यात देवाकडं बोट दाखवू नका. भैरवनाथानं कुणाचं मीठ मागितलं नव्हतं.

मिठाचं मडकं तिनं म्हशीच्या खड्यांसकट स्वतःच्या पेटीत कुलपात घातलं. किल्ली कमरेला. माझी भाकरी वेगळी, माझं कालवण वेगळं, नुसतं तिखट पाणी. मी पाया पडले. "आत्याबाई, कायबी करा, पर एवढं मीठ तरी द्या, माझा जीव जातोय मिठावाचून," म्हणाले. ती म्हणाली, "जीवच तर सोकावलाय, त्यालाच मारायचंय." मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आई सांगती तर धर की चार दिवस. देवाचं काम हाय." म्हशीला मात्र ती आपल्या हातानं मीठ चारायची, कारण म्हैस सोसायटीला दूध देत होती.

एक दिवस तलावावर पाटीसकट पडले ती उठलेच नाही. बायांनी घरी आणून टाकलं. बाजाराच्या गावात एक इंजेक्शनवाला डॉक्टर होता, त्यानं दुरूनच बघितलं, नाडी धरली न धरल्यासारखी केली आणि म्हणाला, "वाळत चाललीय म्हंजी टीबी असंल." उचलली जीभ लावली टाळ्याला! थुंकी तपासली नाही, छातीचा फोटो काढला नाही. पण सासूला तेवढं पुरलं. माझी वाकळ गोठ्यात गेली, ताट-तांब्या वेगळा झाला. आणि माझ्या लेकीला तिनं उचलून आपल्या गोधडीत घेतलं. "टीबीवालीजवळ पोर जाऊ द्यायची न्हाय," म्हणाली. पोर दारातून "आई, आई" करायची आणि ही तिला दंडाला धरून मागं ओढायची. मालकांना वेगळीच धास्ती. सेक्रेटरीच्या घरात टीबी म्हटल्यावर सोसायटीला दूध कोण घालणार? त्यांनी माझ्या माहेरी सांगावा धाडला, तुमची बहीण घेऊन जा.

दादा आला. त्यानं गोठ्यात मला बघितलं आणि लगेच गाडी जुंपायला लावली. बैलगाडीत घालून फाट्यावर नेलं. निघताना मी लेकीला मागितलं. सासू दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "टीबी न्हाय म्हणून मोठ्या डॉक्टराचं लिवून आण, मग न्हे तुझी पोर." मी म्हटलं, "आणते." तेव्हा मला धड उभं राहता येत नव्हतं, दादाच्या खांद्याला लटकून मी ते म्हणाले. एसटीनं बार्शी, बार्शीहून सोलापूर, सगळ्या रस्त्यानं मी ओकत गेले, आणि डोक्यात एवढंच की लिहून आणायचं आणि त्या बाईच्या तोंडावर मारायचं.

सोलापूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा माझा ओठ उलटा करून हिरड्या बघितल्या. तळहात उघडून रेघा बघितल्या. निजवून रक्ताचा दाब घेतला, उभी करून पुन्हा घेतला, तेवढ्यात मी त्यांच्या अंगावरच कोसळले. मला पुन्हा निजवून त्यांनी विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का हो?"

इतक्या दिवसांत हे मला विचारणारं पहिलं माणूस! मी हुंदके देत सगळं सांगितलं, नवस, पेटी, किल्ली. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या दादाकडं वळून म्हणाल्या, "हिचं शरीर मीठ धरूनच ठेवू शकत नाही. बाहेरून मिळत होतं त्यावर ही तगली होती. तेच बंद केलं? आणखी थोडे दिवस गेले असते तर तुम्हाला हिला इथं आणायची गरज पडली नसती."

सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी मी उठून बसले, आणि मला भूक लागली! दादानं खानावळीतून पिठलं-भाकरी आणली, वर मिठाची पुडी ठेवली. मी रडत रडत खाल्लं. लोकांना वाटलं बिचारी आनंदानं रडतेय. मला त्या पेटीची आणि किल्लीची आठवण येत होती, मी रागानं रडत होते.

मग तपासण्या सुरू झाल्या. बाईंनी मला समजेल असं सांगितलं. मूत्रपिंडाच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. अंगातलं मीठ, ताकद, रक्ताचा दाब, सगळं त्यांच्या रसावर चालतं. त्या मेल्या की माणूस असा काळा पडतो आणि वाळतो. आता दोन गोष्टी बघायच्या. ग्रंथी खरंच मेल्यात का, आणि मेल्या असतील तर कशानं. आपल्याकडं बहुतेक वेळा टीबीच तिथं जाऊन बसतो, म्हणाल्या. म्हणजे त्या इंजेक्शनवाल्याचं खरं निघणार? सासूचं खरं निघणार? मी विचारलं, "आन टीबी नसला तर?" बाई म्हणाल्या, "तर मग तुमचंच शरीर तुमच्या ग्रंथीला परकं समजून खायला उठलंय. तसंही होतं. ते कुणाला चिकटत नाही."

असं कधी कुणी देवाजवळ मागितलं नसेल, पण मी मागितलं. म्हटलं, देवा, माझं अंगच मला खात असू दे, पण टीबी नसू दे. माझी लेक त्यावर अडकलीय.

सकाळी उपाशीपोटी त्यांनी रक्त घेतलं. मग एक इंजेक्शन दिलं, ते ग्रंथीला 'ऊठ, कामाला लाग' म्हणून सांगणारं. थोड्या वेळानं पुन्हा रक्त, आणि आणखी थोड्या वेळानं पुन्हा. बसलेल्या बैलाला चाबूक दाखवून उठतो का बघतात, तशी ही तपासणी. बैल जिवंत असेल तर उठेल. छातीचा फोटो काढला, पोटाचा काढला, टीबीनं ग्रंथीत चुना धरलाय का ते बघायला. हाताच्या कातडीत टीबीची सुई टोचली, जागा सुजली तर टीबी अंगात शिरलेला, आणि तो हात मी रोज उजेडात धरून बघायची. थोडं रक्त मुंबईला धाडलं, शरीर ग्रंथीवर उठलंय का ते तिथंच कळत होतं. त्याला वेळ लागणार होता.

वाट बघायच्या दिवसांत बाई एकदा खाटेजवळ बसून माझ्या घरचं विचारत होत्या. टीबीचा विचार करताना हे विचारावंच लागतं, म्हणाल्या. "घरात खोकतं कोण?"

"कुणी न्हाय," मी म्हटलं. मग आठवलं. "सासूला खोकला हाय. पर तो तपकिरीचा. लई वर्सांचा हाय."

"संध्याकाळी ताप येतो?"

"अंगावर गोधडी घेऊन बसती खरी सांजची."

"वाळल्यात?"

वाळली होती. दुष्काळात कोण वाळत नाही म्हणून कुणी बघितलंच नव्हतं. आणि सकाळी ती चुलीच्या राखेत थुंकायची आणि वर राख ओढायची, ते मी रोज बघत होते.

पहिल्यांदा मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? म्हटलं, अगं बाई! चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाली होती आणि स्वतःच्या छातीत मुसळ घेऊन बसलीय. मी आडवी पडून हसायला लागले. बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी कुणाजवळ झोपते?"

माझं हसू जागच्या जागी विरलं. सासूच्या गोधडीत. तिच्या तोंडाशी तोंड लावून. माझ्यापासून जपायला म्हणून तिथं ठेवली होती.

मी तेव्हाच निघत होते, पण बाईंनी सोडलं नाही. दादा एकटा गेला. सासूनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "टीबीवालीच्या माणसानं आमाला टीबी शिकवू नये," म्हणाली, आणि मालक तिच्यामागं उभे राहून ऐकत होते. दादा हात हलवत परत आला. त्या दिवसापासून मी लवकर बरं व्हायचं मनावर घेतलं. गोळ्या वेळेवर, जेवण पोटभर. गावात पाऊल टाकल्यावर काय बोलायचं ते भिंतीकडं तोंड करून घोकायची.

शेवटी निकाल आले. ग्रंथी मेलेल्या, चाबूक दाखवून बैल उठला नव्हता. टीबी कुठंच नाही, छातीत नाही, पोटात नाही, हात कोराच्या कोरा. आणि मुंबईचं रक्त सांगत होतं की शरीरच ग्रंथीवर उठलंय. जन्मभर गोळ्या खायच्या. बाईंना वाटलं मी रडेन. मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "बाई, जन्मभर खाईन, आता मला गावाला जाऊ द्या."

सकाळी, बरोबर दुधाच्या वेळेला मी गावात शिरले. दादा बरोबर होता. पडवीपुढं किटल्यांची रांग लागलेली. मी माझ्या पायांनी चालत येतेय बघून बाया बाजूला सरकल्या. मालकांच्या हातात ती काचेची कांडी तशीच. सासू आत चुलीपुढं, आणि माझी लेक तिच्या मांडीवर.

"लिवून आणलंय," मी मोठ्यानं म्हटलं. "मला टीबी न्हाय. कधीच नव्हता. माझी पोर द्या."

सासू दारात आली. "कागदावर कायबी लिवून भेटतंय," म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना. मी तिचा खोकला पुरता होऊ दिला. सगळ्या रांगेला ऐकू जाऊ दिला. मग म्हटलं, "मंडळी, हिकडं ऐका. मिठावाचून मारायला घातलं हिनं मला, गोठ्यात टाकलं, अन् टीबी टीबी म्हणून गावभर केलं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईनं एकच इचारलं, घरात खोकतं कोण? आता तुमीच सांगा कोण खोकतंय. चुलीच्या राखंत कोण थुंकतंय ते म्या सांगते. आन त्याच हातानं म्हस कोण पिळतंय तेबी सांगते. मी गेल्यापास्नं कोण पिळतंय, मालक?"

मालक म्हणाले, "घरात ये, घरातलं घरात बोलू."

"गोठ्यात होते तवा घरातलं नव्हतं व्हय?" मी म्हटलं. "आज आत्याबाईला आन पोरीला फोटो काढायला सोलापूरला न्या. न्हाय न्हेलं तर रोज सकाळी म्या हितं उभी ऱ्हाणार आन हेच सांगणार."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं किटलीचं झाकण परत लावलं. "सेक्रेटरी," तो म्हणाला, "आधी म्हातारीचा फोटू काढा. मग दूध घालू." त्याच्यामागच्यानंही लावलं. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोचा जीव चालला तेव्हा न हललेला माणूस दुधाच्या किटल्या मागं फिरताना बघून हलला. दुपारच्या गाडीनं आम्ही सगळे सोलापूरला निघालो. लेकीला सासूनं खिडकीकडं, आपल्या पलीकडं बसवलं. मी भांडले नाही. म्हटलं, आता थोडंच राहिलंय.

म्हातारीच्या फोटोत दोन्ही बाजूला डाग निघाले, थुंकीत टीबी निघाला. मला काडीचंही नवल वाटलं नाही, आणि दया तर त्याहून आली नाही. लेकीच्या हातावर सुई टोचली होती, ती जागा बघायच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. पोर आजीच्या मांडीवर. बाईंनी तिचा हात उजेडात धरला. माझा हात कोरा राहिला होता, तिचा टणक, लाल, सुपारीएवढा सुजला होता. फोटोतही छातीत गाठ दिसत होती. बरी होईल, बाई म्हणाल्या, लवकर सापडलंय, पण औषध लांबलचक आहे आणि सुरुवातीला रोज सुई आहे.

बाई गेल्या. सासू पोरीच्या हाताकडं बघत होती. मग मला म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आवाज खाली करून म्हणाली, "माझ्यामुळं झालं व्हय गं हे?"

लोक म्हणतात, तिथं म्हणायला हवं होतं की कुणामुळं न्हाय, नशिबाचा भोग. त्यांची पोर असती तर ते म्हणाले असते का? मी म्हटलं, "व्हय, आत्याबाई. तुमच्यामुळं. माझ्याजवळ असती तर हिला कायबी झालं नसतं."

मग तिनं पोरीला मांडीवरून खाली उतरवलं आणि पाठीवर हात ठेवून माझ्याकडं ढकललं. "जा, आईकडं जा," म्हणाली. पोर दोन पावलं आली आणि थांबली. तिनं आपल्या झग्याचा घोळ उचलला आणि नाक-तोंड घट्ट झाकून घेतलं, वरून नुसते डोळे दिसत होते, आणि तशीच ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"असं का धरलंस गं?" मी विचारलं.

"आज्जीनं सांगितलंय. आईजवळ गेलं की धरायचं."

मी तिच्या हातातला झगा सोडवला. तिला उचलून मांडीवर घेतलं, आणि तिच्या तोंडाचे, गालांचे, त्या सुजलेल्या हाताचे मुके घेतले, एकामागून एक. पोर आधी अंग चोरत होती, मग गळ्याला मिठी मारून रडायला लागली. समोर म्हातारी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावायला लागली.

"हिकडं बघा, आत्याबाई," मी म्हटलं. तिनं बघेपर्यंत मी म्हणत राहिले.